बाबांना ऐकू येईल अशी बेल

आमच्या फ्लॅटची बेल चिवचिवायची. इमारत बांधणाऱ्यांनी मजल्यामजल्यावर तीच बसवली होती, त्यामुळे शेजारी कुणी आलं तरी आपण दाराकडे बघायचो. मला ती कधी आवडली नाही, पण ऐकू तरी यायची. बाबांना ती ऐकूच येत नाही हे ते नाशिकहून आल्यावर काही दिवसांतच कळलं, आणि कळलं ते सांदणांमुळे.

आम्ही राहतो सौदीतल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत. नाव एवढं भारदस्त, पण गाव एकदम निवांत. रुंद रस्ते, नवी झाडं, पलीकडे समुद्र, आणि भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही नाही. नवरा जेद्द्याला नोकरीला, तो गुरुवारी संध्याकाळी येतो आणि शनिवारी परत जातो. मी इथल्याच इंडस्ट्रियल व्हॅलीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. टाक्यांमधलं प्रेशर आणि तापमान नीट मोजलं जातंय ना, काही बिघडलं तर कंट्रोल रूममध्ये योग्य तो अलार्म वाजतोय ना, हे बघणं माझं काम. दिवसभर मी दुसऱ्यांना ऐकू येतंय की नाही याची काळजी वाहते, आणि घरी माझ्याच वडिलांना बेल ऐकू येत नव्हती.

आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक, नाशकात एकटेच राहत होते. त्यांना इथं आणायला मी जंग जंग पछाडलं. व्हिसा लगेच मिळाला, बाबा मिळेनात. त्यांचं म्हणणं एकच, लेकीच्या घरी चार दिवस पाहुणचाराला जावं, राहायला जाऊ नये. त्यांच्या वडिलांनी तर आमच्या आत्याच्या घरी जन्मात पाण्याचा घोट घेतला नव्हता. बाबा तेवढे कडक नव्हते. चहा घ्यायचे, पण कप स्वतः विसळून ठेवायचे. फ्रिज उघडायच्या आधी विचारायचे. पंखा लावायच्या आधी विचारायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. माझ्या घरात माझा बाप परवानगी मागत फिरतो म्हणजे काय!

तर सांदणं. आमच्या खालच्या मजल्यावर श्रीवर्धनकडच्या एक भाभी राहतात, त्यांचा नवरा बंदरावर कामाला आहे. वर एक मराठी वडीलधारे आलेत म्हणून त्यांनी मुद्दाम सांदणं केली, सोबत नारळाचा रस केला, आणि दुपारी डबा घेऊन वर आल्या. संध्याकाळी तोच डबा घेऊन मला लिफ्टमध्ये भेटल्या.

"अगो, दोनदा बेल मारली मी," त्या म्हणाल्या. "काकांना झोप लागली असेल, कशाला उठवा, म्हणून परत फिरले."

काका झोपले नव्हते. काका दारासमोरच्या सोफ्यावर टॅबवर मराठी पेपर वाचत बसले होते. मी डबा घेऊन घरात शिरले आणि हसत हसत सगळं सांगितलं. हसायला नको होतं. बाबांचा चेहरा एवढासा झाला.

"दारात आलेलं माणूस परत गेलं?"

"बाबा, त्यात काय एवढं. हे बघा, डबा आला की."

त्यांनी डबा माझ्या हातून घेऊन ओट्यावर ठेवला. जेवताना मात्र पानाकडे बघत म्हणाले, "महिनाअखेरचं तिकीट बघ माझं. लेकीच्या घरी बसून खायचं आणि तिच्याच दारातून माणसं परत पाठवायची, हे मला जमायचं नाही."

व्हिसा त्याच्या कितीतरी पुढेपर्यंत होता. मी समजावलं, मग चिडले, मग नवऱ्याकडून फोन करवला. शेवटी तिकीट काढलं. आमच्या घराण्यात हट्ट सगळ्यांना सारखाच वाटून आलेला आहे. ते गेले तर पुन्हा यायचे नाहीत हे मला माहीत होतं, आणि त्या रिकाम्या नाशिकच्या घरात ते काय करतील याचा विचारही करवत नव्हता. पण महिनाअखेर अजून लांब होती. माझ्या डोक्यानं एवढंच धरलं की बेल ऐकू आली तर बाबा राहतील.

कानाचं मशीन त्यांच्याकडे होतं, ते नाशकात कपाटात होतं. ते घातलं की ताटवाट्या अंगावर पडल्यासारख्या वाटतात, असं ते म्हणायचे. बेल वाजली की दिवा लागेल अशी सोय करू का, विचारलं, तर म्हणाले, "मी काय बहिरा आहे?"

कंट्रोल रूममध्ये माझ्या शेजारी जेद्द्याची एक मुलगी बसते. माझ्यापेक्षा बरीच लहान, कामाला चोख, आणि सुट्टीच्या दिवशी घरी सिंथेसायझरवर इलेक्ट्रॉनिक संगीत करते. तिला मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती मोठ्या आवाजाची बेल कुठं मिळते ते सांगेल. ती म्हणाली, "आवाज मोठा करू नकोस, आवाज बदल. म्हातारपणी वरचे, बारीक आवाज आधी जातात. माझ्या आजोबांचंही तेच झालं. खालचे आवाज अजून असतील त्यांच्याकडे."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं पहिलं सिंथेसायझर आणून माझ्या टेबलावर ठेवलं. पोळपाटाएवढी पेटी, पुढं थोड्याशा पट्ट्या आणि वर नॉबच नॉब. याला मेमरी नाही, ती म्हणाली, नॉब जिथं असतील तोच याचा आवाज. आणि मागं एक छोटं सॉकेट होतं. तिथं बाहेरून विजेचा इशारा दिला की कुणी पट्टी दाबल्यासारखं ते यंत्र वाजायचं. ते सॉकेट दिसलं आणि माझे डोळे चमकले. दाराचं बटण तिथं जोडायचं, पुढं एक स्पीकर लावायचा, बस! वर मी एक टायमरही टाकला, म्हणजे पाहुण्यानं बटण सोडलं तरी इशारा काही सेकंद चालू राहील. हे सगळं माझ्या हातचा मळ होता.

आवाज बनवणं मात्र नव्हतं. तिनं जेवणाच्या सुट्टीत मला मूळ गोष्टी शिकवल्या. आधी कच्चा आवाज घ्यायचा. करवतीच्या दात्यांसारखी लाट घेतली तर आवाज खरखरीत आणि भरलेला येतो, गुळगुळीत लाट घेतली तर बासरीकडे झुकतो. मग फिल्टर लावून त्यातला नको तो भाग काढून टाकायचा. आणि मग ठरवायचं की आवाज उठतो किती वेगानं, उठल्यावर थोडा बसतो का, किती टिकतो, आणि सोडल्यावर मागं किती रेंगाळतो. या शेवटच्या भागाला एन्व्हलप म्हणतात. ऐकायला सगळं सोपं वाटलं. घरी जाऊन नॉब फिरवले तर कधी मिक्सर अडकल्याचा आवाज येई, कधी डासाचा. नाचता येईना अंगण वाकडं, मी स्पीकरला नावं ठेवली.

शेवटी मी मला येतं तेच केलं. माणसानं दुर्लक्ष करूच नये असा आवाज कसा असतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चौकोनी लाट घेतली, सूर खाली आणला, उठायला शून्य वेळ, आणि चालू-बंद, चालू-बंद असा ठोका दिला. वाजवून बघितला. बाबा बाल्कनीत होते, त्यांनी लगेच मान वळवली. मी जिंकले होते. बेल जोडली आणि ऐटीत कामावर गेले.

दुपारी इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. "मॅडम, आपके फादर नीचे खड़े हैं. बैग लेके."

झालं होतं ते असं. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या देणारा आला, त्यानं बेल वाजवली. बाबांनी ती स्वच्छ ऐकली. पण तिकडे मागच्याच आठवड्यात इमारतीत आगीचा सराव झाला होता, आणि असा आवाज आला की काय करायचं ते मीच त्यांना दोनदा घोकवून घेतलं होतं. बाबांनी गॅस बंद केला, पासपोर्ट, औषधं आणि माझे दागिने पिशवीत भरले, मागच्या जिन्यानं उतरले आणि उन्हात असेंब्ली पॉइंटच्या हिरव्या पाटीखाली जाऊन उभे राहिले. पुढच्या दाराशी तो पाणीवाला बेल वाजवत राहिला. जितकी तो वाजवी, तितका बाबांचा पाय लवकर उचले.

सांदणांचा डबा परत गेला त्याचं दुःख होतं, आता पाण्याच्या बाटल्याही परत गेल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही. माझी मैत्रीण कंट्रोल रूममध्ये डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "तू घराचं शटडाऊन केलंस," म्हणाली. "खलास! आता वडिलांना विचारून बनव."

त्यांना विचारायचं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नवरा भाजी आणायला गेला असताना मी ती पेटी जेवणाच्या टेबलावर मांडली आणि बाबांना समोर बसवलं. करवतीची लाट, फिल्टर पूर्ण उघडा. खोलीभर झणझणीत आवाज झाला. "मी हा नॉब हळूहळू फिरवते," मी म्हटलं. "आवाज बदलला की हात वर करा."

बाबांनी वर्गातल्या हुशार मुलासारखे डोळे मिटले. मी फिल्टर बंद करत आणला. माझ्या कानाला आवाजाची धार गेली, मग चमक गेली, झणझण गेली. बाबांचा हात मांडीवरच. मी थांबून पुन्हा सगळा उघडला, पुन्हा बंद केला.

"सुरू केलंस का?" त्यांनी विचारलं.

नॉब अर्ध्यावर आला होता. म्हणजे वरचं ते सगळं बाबांच्या लेखी नव्हतंच. चमचा बशीला लागतो तो आवाज, आईच्या काचेच्या बांगड्या, बाल्कनीतली ती बारकी पाखरं, सगळं त्या अर्ध्या भागात होतं. ते कधीपासून गेलं होतं देव जाणे, आणि एकदाही त्यांनी तक्रार केली नव्हती. मला भडभडून आलं. त्यांचे डोळे मिटलेले होते ते बरं झालं.

मी आणखी खाली गेले. एकदम बाबांचा हात वर झाला. "हां! आत्ता हलला. इथं, इथं थांब." आणि त्यांनी डोळे उघडून माझा हात बाजूला केला आणि नॉब स्वतःच्या बोटांत घेतला. थोडा वर, थोडा खाली. दुसरा तळवा टेबलावर टेकवला, कारण खालचा आवाज लाकडातून हातालाही कळत होता. "अगं, हे छान आहे की," ते म्हणाले. मला त्यांनी आल्यापासून छान हा शब्द पहिल्यांदाच ऐकवला होता.

मग मी माझी नवीकोरी विद्या त्यांना शिकवली. लाटेबद्दल सांगितलं, फिल्टरबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आधी अख्खी पाटी खडूनं भरायची आणि मग पुसत पुसत चित्र काढायचं." एन्व्हलप समजावताना मी अडखळले, तेव्हा त्यांनी कागद मागून घेतला आणि विचारलं, "चढ, थोडा उतार, मग माळ, मग शेवटचा उतार. असंच ना?" एका रेघेत डोंगर काढला. माझ्या कंट्रोल रूममधल्या मैत्रिणीनं मला तीन जेवणांच्या सुट्ट्या घालून जे शिकवलं, ते तेवढ्या रेघेत बसलं. मला कौतुक वाटलं आणि थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून घराची बेल रोज वेगळी वाजायला लागली. मी कामावर गेले की बाबा पेटीसमोर बसत. लाट बदलत, दोन लाटा किंचित बेसूर ठेवून आवाज हलता करत, रेंगाळणं वाढवत. नॉब जिथं सोडत, ती त्या दिवसाची बेल. भाभी म्हणाल्या, "काल बोटीचा भोंगा होता, आज काय तरी मऊ मऊ वाजलं." पण महत्त्वाचं हे की त्या रोज काही ना काही घेऊन यायला लागल्या आणि दार रोज उघडायला लागलं. पाणीवाला तर बाबांना सलाम करून जायचा. संध्याकाळी मी आले की बाबा मला दिवसभरातल्या कामाचा हिशेब द्यायचे, आणि मी दमले असले तरी मला सगळे आवाज ऐकावेच लागत.

एका शुक्रवारी कंट्रोल रूमची मैत्रीण खजूर आणि गहवा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, घेऊन घरी आली. तिनं मुद्दाम बेल तीनदा वाजवली. बाबांचा त्या दिवशीचा आवाज खोल होता, पोटातून आल्यासारखा. ती दारातच थांबून ऐकत राहिली. मग आत येऊन तिनं लॅपटॉप उघडला, खाली एक ठेका लावला आणि त्यावर तो आवाज वाजवत ठेवला. आमचा दिवाणखाना हलला. तिचं इंग्रजी, बाबांचं मास्तरी हिंदी, मध्ये मी दुभाषी, पण त्यांचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं.

"अंकल, हा मी माझ्या गाण्यात घेऊ?" तिनं विचारलं.

"घे की," बाबा म्हणाले. "फक्त लोकांना सांग, वाजला की दार उघडायचं असतं."

त्या महिन्यात मी सुखात होते. तरी तिकीट होतंच. त्याबद्दल बाबा बोलत नव्हते आणि मीही बोलत नव्हते. थांबा म्हणावंसं हजारदा वाटलं. पण मी म्हटलं म्हणून थांबले असते तर ते पुन्हा पाहुणेच राहिले असते, लेकीच्या आग्रहाखातर राहिलेले पाहुणे, आणि मला ते नको होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांची बॅग कपाटावरून खाली आली, दिवाणखान्यात भिंतीशी उभी राहिली. मी येता जाता तिच्याकडे बघायचं टाळत होते.

जायच्या आदल्या दिवशी मी कामावरून लवकर निघाले. नाशिकच्या नातेवाइकांना द्यायला खजुराचे डबे घेतले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायला आणखी घेतले, रागारागानं जास्तच घेतले. लिफ्टमधून उतरले तेव्हा दोन्ही हात भरलेले. एरवी माझ्याकडे किल्ली असते, आमची बेल मी स्वतः कधीच वाजवत नाही. त्या दिवशी कोपरानं बटण दाबलं.

काहीच वाजलं नाही. वायर निघाली असेल, मी मनाशी म्हटलं, आणि त्याही क्षणी वायर कुठून निघाली असेल याचा विचार करायला लागले. तेवढ्यात दारामागून काहीतरी आलं. आधी ते पायांना कळलं, मग कानांना. अगदी खालून, सावकाश, तो आवाज उठत होता. घाई नाही, ठोका नाही. तो भरत गेला, मोठा होत गेला, आणि त्याच्या आतून मला बाबांची पावलं ऐकू आली. सोफ्यापासून दारापर्यंत, एक पाय जरा ओढत. आवाज पूर्ण चढला आणि कडी निघाली.

बाबा दारात उभे होते. मागे आवाज अजून टिकून होता.

"मला उठायला वेळ लागतो," ते म्हणाले. "मग म्हटलं, त्यालाही सावकाश उठू दे. मी दाराशी पोचेपर्यंत तो चढतो. बाहेरच्या माणसालाही कळतं, आतून कुणीतरी येतंय."

मी त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. भिंतीशी बॅग नव्हती.

"बॅग कुठंय?"

"वर टाकली कपाटावर. पायात येत होती."

"आणि तिकीट?"

"त्याचं तू बघ, तुला फोनवर सगळं करता येतं." मग त्यांनी माझ्या हातातले डबे घ्यायला सुरुवात केली, एकेक करून, आणि जरा वैतागूनच म्हणाले, "एवढे खजूर कुणाला? आणि बाहेर काय उभी राहिलीस? ये, घरात ये."

आई गेल्यापासून मला कुणी असं दारात उभं राहून घरात बोलावलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि आत गेले.